क्रूझवर बोट लागू नये म्हणून: कोणाला कोणती गोळी, कधी आणि किती

डिसेंबरच्या सुट्ट्या जवळ आल्या की इंदूरच्या मेडिकल दुकानांत एक मागणी हमखास येते. "मुंबईहून क्रूझला चाललोय, उलटीची गोळी द्या. सहा जणांना पुरेल एवढी." काउंटरच्या या बाजूला माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि ही मागणी आली की मी कपाटाकडे वळण्याआधी प्रश्न विचारते: जाणारे कोण कोण? वयं काय? कोणाला कसली औषधं चालू आहेत? कारण उलटीची गोळी आणि बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी या वेगवेगळ्या आहेत. शिवाय सहा जणांच्या घराला एकच स्ट्रिप चालत नाही. आजोबांना प्रोस्टेटचा त्रास, आजींना काचबिंदू, नातू चार वर्षांचा, सुनेला मायग्रेन, मुलगा जहाजावर दोन पेग घेणार हे ठरलेलं. प्रत्येकाचं उत्तर निराळं येतं.

हा लेख वाचताना शेजारी एक कागद घ्या आणि जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्यावर लिहा. पुढे नावांसमोर एकेक गोष्ट भरत जाऊ.

आधी अंदाज: घरात कोणाला लागेल?

खंडवा रोडच्या भेरूघाटात कोणाला मळमळतं, मागच्या सीटवर बसून मोबाईल पाहिला की कोणाचं डोकं फिरतं, लहानपणी बसमध्ये खिडकीची जागा कोण मागायचं, हे घरात सगळ्यांना पाठ असतं. गाडी लागणाऱ्या माणसाला बोट लागण्याची शक्यता जास्त, म्हणून अशा नावांसमोर खूण करा. मायग्रेन असलेल्यांना त्रास जास्त होतो. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, आणि पाळीच्या दिवसांत किंवा गरोदरपणात त्याहून वाढतो. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा काही होत नाही. साधारण सहा ते बारा वर्षांची मुलं सगळ्यात नाजूक असतात. उतारवयात त्रास बहुधा कमी होतो.

"हनुवंतियाला क्रूझ बोटीत बसलो होतो, काही झालं नाही" असं पुष्कळ जण सांगतात. हा पुरावा धरू नका. धरणाच्या किंवा नर्मदेच्या पाण्यावरच्या लाटा लहान आणि भराभर येणाऱ्या असतात. समुद्रावर दुरून आलेली लांब, संथ लाट असते. जहाज हळूहळू वर उचललं जातं आणि तसंच हळूहळू खाली बसतं. साधारण पाच सेकंदांत एक झोका, ही गती माणसाला सर्वांत जास्त सोसत नाही. माळव्यातल्या माणसाला या झोक्याची ओळखच नसते, म्हणून तलावातल्या अनुभवावर विसंबू नये.

हा त्रास पोटाचा नाही

हे समजलं की गोळी निवडणं सोपं जातं. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी रचना असते. त्यातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं कसं वळतंय ते टिपतात, आणि शेजारचे बारीक खडे वर-खाली, पुढे-मागे होणारी हालचाल टिपतात. केबिनमध्ये बसलात की डोळे मेंदूला सांगतात, भिंत जागच्या जागी आहे. कान सांगतो, सगळं हलतंय. या दोन बातम्या जुळत नाहीत, आणि त्या गोंधळातून जांभया, घाम, फिकट चेहरा, तोंडाला पाणी सुटणं आणि शेवटी उलटी होते. ज्यांच्या दोन्ही कानांतली ही रचना निकामी झालेली असते, त्यांना बोट लागतच नाही.

म्हणजे औषध असं हवं जे कान आणि मेंदूतलं उलटीचं केंद्र यांच्यातला निरोप अडवेल. हा निरोप मुख्यतः हिस्टामिन आणि असिटिलकोलिन या रसायनांमार्फत जातो.

आता तुमच्या घरातला औषधांचा डबा उघडा. त्यात बहुतेक डॉमस्टाल असेल, म्हणजे डॉम्पेरिडोन. एमसेट असेल, म्हणजे ऑनडॅनसेट्रॉन. ॲसिडिटीची पँटोप्रॅझोलवाली गोळी असेल. या चांगल्या गोळ्या आहेत, पण दुसऱ्या कामाच्या. ऑनडॅनसेट्रॉन जुलाब-उलटीत आणि केमोथेरपीत मोठा आधार देतं, कारण तिथे उलटी सेरोटोनिनच्या वाटेने येते. बोटीची वाट वेगळी, म्हणून तिथे त्याचा फारसा उपयोग होत नाही. डॉम्पेरिडोनचंही तेच. आजींना चक्कर येते म्हणून चालू असलेली व्हर्टिन, म्हणजे बीटाहिस्टिन, हीसुद्धा बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी नाही. ॲलर्जीवर झोप न आणणाऱ्या ज्या नव्या गोळ्या मिळतात, फेक्सोफेनाडिन किंवा लोराटाडिनसारख्या, त्याही इथे कुचकामी आहेत. त्या मेंदूत पुरेशा शिरत नाहीत म्हणूनच झोप आणत नाहीत.

यातून एक कडू गोष्ट निघते: जी गोळी बोटीवर काम करते, ती थोडीफार गुंगी आणतेच. कोणाला किती गुंगी परवडेल, यावर सगळी निवड अवलंबून आहे.

काम करणारी औषधं

सिनारिझिन. स्टुजेरॉन या नावाने ओळखीची, २५ मिलिग्रॅमची गोळी. प्रवासाच्या दोन तास आधी एक, मग गरज वाटली तर सहा ते आठ तासांनी पुढची. गुंगी तुलनेने कमी, त्यामुळे तब्येत ठणठणीत असलेल्या मोठ्या माणसासाठी मी आधी हिचाच विचार करते. खरेदी करताना मात्र स्ट्रिप वाचा. स्टुजेरॉन फोर्टमध्ये ७५ मिलिग्रॅम, म्हणजे तिप्पट औषध असतं, आणि स्टुजेरॉन प्लसमध्ये २० मिलिग्रॅम सिनारिझिनसोबत ४० मिलिग्रॅम डायमेनहायड्रिनेट असतं. नाव एक, माल तीन. पार्किन्सनच्या रुग्णाला सिनारिझिन देऊ नये. बाकीच्या वृद्धांनाही ती महिनोन्‌महिने देत राहू नये, कारण त्यातून हातपाय कापणं आणि हालचाली मंदावणं सुरू होऊ शकतं. सहलीच्या तीन-चार दिवसांची गोष्ट वेगळी.

प्रोमेथाझिन. एव्होमिन, २५ मिलिग्रॅम. घाटातल्या बसप्रवासामुळे हे नाव जुन्या पिढीला पाठ आहे. परिणाम दमदार आणि लांब टिकणारा. झोपही तशीच दमदार. निघण्याच्या एक-दोन तास आधी, किंवा लांबच्या प्रवासात आदल्या रात्रीपासून रोज झोपताना एक. ज्याला भेरूघाट पार करताना दोनदा गाडी थांबवावी लागते, त्याच्यासाठी हीच. दोन वर्षांखालच्या मुलाला ती अजिबात द्यायची नाही, श्वास मंदावण्याचा धोका असतो. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही: या औषधाने काहींची त्वचा उन्हाला हळवी होते. जहाजावरच्या पूलपाशी दुपारभर पडून राहायचा बेत असेल तर टोपी आणि सनस्क्रीन घ्या.

मेक्लिझिन. २५ मिलिग्रॅम, तासभर आधी. परिणाम दिवसभर टिकू शकतो, त्यामुळे वेळा सांभाळायला सोपी. बारा वर्षांवरच्यांसाठी.

डायमेनहायड्रिनेट. ५० मिलिग्रॅम, अर्धा ते एक तास आधी, परिणाम चार ते सहा तास. झोप बऱ्यापैकी येते. हिचा फायदा असा की लहान मुलांना वय आणि वजन पाहून डॉक्टर ती देऊ शकतात.

कानामागे लावायचा स्कोपोलामिनचा पॅच आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळत नाही. तो येतो अमेरिकेतल्या मुलाच्या बॅगेतून. "एक लावला की तीन दिवस बघायला नको" हे त्याबद्दल खरं आहे: जहाज सुटण्याच्या निदान चार तास आधी कानामागच्या कोरड्या त्वचेवर लावतात आणि ७२ तास ठेवतात. पण मुलगा तो प्रेमाने आई-वडिलांसाठी आणतो, आणि जपायला हवं ते नेमकं त्यांनाच. काचबिंदूमध्ये याने डोळ्यातला दाब वाढू शकतो, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते, वयस्कर माणूस गोंधळून असंबद्ध बोलू लागतो. अमेरिकेतही हा पॅच डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, ते उगाच नाही. लहान मुलांना लावायचा नाही, कापून अर्धा करायचा नाही, आणि हात लावल्यावर साबणाने धुतल्याशिवाय डोळ्याला बोट लावायचं नाही, नाहीतर बाहुली मोठी होऊन दिसणं धूसर होतं.

आता कागदावर नावं भरा

काचबिंदू, प्रोस्टेट, दमा, फिट्स, यकृताचा आजार किंवा झोपेच्या-मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील, तर त्या नावासमोर फक्त "डॉक्टर" एवढंच लिहा. दुकानातून आपल्या मनाने काही घेऊ नका. मलाही विचारू नका, कारण चष्म्याच्या नंबरावरून किंवा चेहऱ्यावरून मला काचबिंदू दिसत नाही. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या मुलींनी आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनाच विचारावं.

पासष्टीच्या पुढच्यांसाठी माझं मत ठाम आहे: आधी गोळीशिवाय जमतं का ते पाहा. या वयात बोट कमी लागते आणि गोळीची गुंगी जास्त चढते. हलणारं जहाज, ओला डेक, बाथरूमचा उंबरठा आणि डोळ्यांवर झापड, यात उलटीपेक्षा पडण्याची भीती मोठी आहे. खुब्याचं हाड मोडलं तर वर्षभराचं दुखणं मागे लागतं. गोळी लागणारच असेल तर डॉक्टरांना विचारून कमीत कमी मात्रा, तीही रात्री.

मधुमेह असलेल्यांनी वेगळी काळजी घ्यायची. इन्सुलिन घेतलं किंवा साखरेची गोळी घेतली, जेवण झालं आणि सगळं उलटून पडलं, तर साखर एकदम खाली येऊ शकते. अशा वेळी काय करायचं ते निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या, ग्लुकोमीटर आणि ग्लुकोजची पुडी हाताशी ठेवा. रक्तदाबाची गोळीसुद्धा उलटीत जाऊ शकते.

मुलांचं औषध बालरोगतज्ज्ञांकडून, वजन सांगून. मोठ्यांची गोळी चमच्यात चुरून "थोडीशी" देणं बंद करा. काही मुलं या औषधांनी झोपण्याऐवजी उलट चेकाळतात, तेही आधी माहीत असावं.

आणि दारू. यातल्या कोणत्याही गोळीसोबत ती नको. जहाजावर बार असतो, मित्र असतात, आग्रह असतो, हे मला कळतं. ज्याला प्यायची आहे त्याने गोळी घेऊ नये, आणि ज्याने गोळी घेतली त्याने प्यायची नाही. तसंच सर्दीची गोळी चालू असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोरफेनिरामिन लिहिलेलं असेल तर तीही याच कुळातली आहे. दोन्ही मिळून गुंगी दुप्पट होईल.

केबिन निवडताना

बुकिंग अजून व्हायचं असेल तर औषधाइतकीच ही गोष्ट कामाची. जहाज सी-सॉसारखं मधल्या भागाभोवती डोलतं: टोकं आणि वरचे मजले जास्त हलतात, मधला आणि खालचा भाग कमी. म्हणून केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर घ्या. पुढच्या टोकाची केबिन स्वस्त मिळाली तरी खूण केलेल्या नावांसाठी नको. खिडकी असेल तर क्षितिज दिसतं, आणि डोळ्यांना खरी हालचाल दिसली की कानाशी त्यांचं पटतं. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंख असतात, त्यांनी आडवं डोलणं बरंच कमी होतं; पुढे-मागे डुबकणं आणि वर-खाली होणं मात्र ते थांबवू शकत नाहीत.

ऋतूही पाहा. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. मे महिन्यात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात चक्रीवादळं येतात. तौक्ते मे २०२१ मध्ये आलं, ओखी २०१७ च्या नोव्हेंबरअखेर. हिवाळ्याचे दिवस सहसा शांत.

मुंबई-गोव्यासारख्या दोन-तीन रात्रींच्या सहलीबद्दल एक हिशेब लक्षात ठेवा. शरीराला झोक्याची सवय व्हायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. लांबच्या प्रवासात माणूस सरावतो. इथे सराव होईपर्यंत उतरायची वेळ येते. म्हणून छोट्या क्रूझवर "होईल सवय" म्हणून बसू नका. लक्षद्वीपला जात असाल तर जहाजातून बेटावर लहान होडीतून जावं लागतं, आणि ती मोठ्या जहाजापेक्षा कितीतरी जास्त हलते. त्या दिवशीची गोळी चुकवू नका.

घरी तालीम

ही पायरी लोक टाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची हीच आहे. निघण्याच्या एक-दोन आठवडे आधी, सुट्टीच्या आदल्या रात्री, ठरलेली गोळी घरीच घेऊन पाहा. दुसऱ्या दिवशी गाडी चालवायची नाही, स्कूटरही नाही. किती झोप आली, तोंड किती कोरडं पडलं, लघवीला त्रास झाला का, नजर धूसर झाली का, ते कागदावर लिहा. दिवसभर डोळे उघडत नसतील तर मात्रा किंवा औषध बदलायला अजून वेळ असतो. जहाजावर पहिल्यांदा घेऊन पाहिलं तर सहल झोपेत जाते.

निघण्याच्या दिवसाचं वेळापत्रक

समजा अवंतिका एक्सप्रेसने सकाळी मुंबई सेंट्रलला उतरलात. गाडीत रात्री झोप नीट व्हायला हवी. जागरण झालेल्याला बोट लवकर लागते. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. टोस्ट, इडली, केळं, साधे परमल म्हणजे मुरमुरे, असं काही खा. तिखट शेव आणि जिरावन मसाल्याचा डबा पर्समध्ये असतो हे मला ठाऊक आहे, तो गोव्यासाठी राखून ठेवा.

गोळ्या मोठ्या बॅगेत ठेवू नका. मुंबईत बॅलार्ड पियरच्या क्रूझ धक्क्यावर सामान ताब्यात घेतात आणि ते केबिनपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. तोवर जहाज सुटलेलं असू शकतं. गोळ्या, पाण्याची बाटली, ओआरएसची पाकिटं, दोन-चार जाड पिशव्या हातातल्या पर्समध्ये हव्यात.

सुटण्याची वेळ तिकिटावर पाहा आणि तिथून उलटं मोजा: सिनारिझिन दोन तास आधी, मेक्लिझिन एक तास आधी. मुंबईचं बंदर आडोशाचं आहे, तिथे पाणी बरंच शांत असतं. कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्ज दीपगृह मागे पडलं की खरा समुद्र सुरू होतो. बंदरात बरं वाटलं म्हणून "गोळीची गरजच नव्हती" असं ठरवून टाकणाऱ्यांची तारांबळ त्यानंतरच उडते. मळमळ सुरू झाल्यावर जठराचं काम मंदावतं, गोळी पोटात पडून राहते किंवा बाहेर येते. म्हणून ही औषधं आधीच घ्यायची असतात.

आलं, लिंबू, मनगटाचा पट्टा

सुंठेचं चूर्ण एक ग्रॅमपर्यंत, तास-अर्धा तास आधी, किंवा घरचा आलेपाक चघळत राहणं. आल्यावरच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, पण मळमळीवर बऱ्याच जणांना आराम पडतो आणि गुंगी अजिबात येत नाही. ज्यांना गोळी चालत नाही त्यांनी हे जरूर करून पाहावं. रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल तर मात्र आधी विचारा. मनगटाच्या आतल्या घडीपासून तीन बोटं वर, दोरीसारख्या लागणाऱ्या दोन स्नायुबंधांच्या मधोमध दाब देणारा पट्टा मिळतो. त्याचीही खात्री देता येत नाही, पण अपाय काही नाही. लिंबू हुंगल्याने डिझेलचा आणि तळणाचा वास दबतो, तेवढं सुख नक्की. खूण केलेल्या माणसाने फक्त यांच्यावर भिस्त ठेवू नये.

तरीही लागलीच तर

पहिली जांभई, पहिला थंड घाम आला की लगेच उठा; "होईल बरं" म्हणत बसू नका. मोबाईल खाली ठेवा. जहाजाच्या मध्यभागी, मोकळ्या हवेत जा आणि क्षितिजावर नजर ठेवा. बाहेर जाणं शक्य नसेल तर केबिनमध्ये उताणे पडा, डोकं उशीत स्थिर ठेवा, डोळे मिटा. श्वास संथ आणि एका लयीत घ्या. याने खरोखर फरक पडतो. उलटी झालीच तर पाणी घटाघटा न पिता दर काही मिनिटांनी घोटभर ओआरएस.

काहीच पोटात टिकत नसेल, लघवी अगदी कमी झाली असेल, माणूस गोंधळल्यासारखा बोलत असेल, तर जहाजावरच्या दवाखान्यात न्या. तिथे इंजेक्शन मिळतं आणि ते पोटाला वळसा घालून काम करतं. छातीत दुखणं, एका बाजूची शक्ती जाणं, जबर डोकेदुखी ही बोट लागण्याची लक्षणं नव्हेत. तिथे एक मिनिट घालवू नका. वयस्कर माणसाच्या बाबतीत "बोट लागली असेल" म्हणून हृदयाचा झटका अंगावर काढला जाऊ नये, एवढं कळकळीने सांगते.

परतल्यावर

उतरल्यानंतर जमीन डोलल्यासारखी वाटेल, रात्री बर्थवर पडल्यावर तर जास्तच. बहुतेकांचं ते एक-दोन दिवसांत जातं. आठवडे लोटले तरी गेलं नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. उरलेल्या गोळ्या औषधांच्या डब्यात सुट्या टाकू नका. मूळ स्ट्रिपमध्ये, नाव आणि मुदत दिसेल अशा ठेवा. आणि परतीच्या रात्री गोळी घेतली असेल, तर सकाळी इंदूर स्टेशनच्या पार्किंगमधून गाडी दुसऱ्या कोणाला तरी चालवू द्या.